जंतूंची पुस्तकं परत घेऊन जा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. वहिनी बरी असेल, तुझा गुडघा वहिनीचं ऐकत असेल (तू तर ऐकत नाहीसच). आम्ही इथे अजून जिवंत आहोत आणि त्यात तुझा काडीचाही हात नाही.

लाँड्री बंद केली, डोळे अधू झाले, तेव्हापासून तुझे मेहुणे खिडकीशी बसतात ते बसतातच, चकार शब्द बोलत नाहीत, मला भीती वाटते, जीव रमेल असं काही वाचायला सुचव, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. जीव रमेल असं, दादा! जीव जाईल असं नव्हे. तू जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजंतू शिकवलेस हे खरं, पण लोक आजारी माणसाला प्रवासवर्णनं पाठवतात रे. तू पाठवलीस गुप्त जैविक अस्त्रांच्या कार्यक्रमांवरची पुस्तकं, वर चिठ्ठी, की यातलं सगळं खरं आहे, क्रमाने वाचा. आणि वाचायचं कुणी? ह्यांना अक्षर दिसत नाही, म्हणजे मीच. दुपारची जेवणं आटोपली की मी चष्मा लावून मोठ्याने वाचते, कुठल्याशा बेटावर मेंढ्या बांधून त्यांच्यावर जंतूंचे बॉम्ब टाकून पाहिले आणि पुढे कित्येक वर्षं तिथे कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. (हे ऐकून मोलकरणीने खरकटी भांडी तशीच टाकून घर गाठलं.)

पहिलं पुस्तक ह्यांनी भिंतीसारखं ऐकलं. दुसऱ्यात लशींच्या कारखान्याची पाटी लावून आत रोग पिकवल्याची हकिकत होती, तिथे हे एकदम ताठ बसले आणि विचारलं, त्या लोकांचे कोट कोण धूत होतं? दादा, मला रडूच आलं. किती दिवसांनी तोंड उघडलं होतं! पण हर्ष टिकला नाही, कारण त्यानंतर दर पानाला हाच प्रश्न. शास्त्रज्ञ पळून जातो, सगळी गुपितं फोडतो, आणि आमच्या घरी चौकशी काय, तर कोट आतच धुवायचे की बाहेर द्यायचे? लेखकाने सेनापतींची नावं दिली, जंतूंचे वाण दिले, धुलाईवर एक ओळ नाही. ह्यांच्या मते तो माणूस अर्धवट आहे. गावात गुपित फुटायचं तर आधी लाँड्रीत फुटतं म्हणे.

आता परवाचा पराक्रम ऐक. दाराच्या फटीतून कुणीतरी एक पुडी सरकवली, ती ह्यांच्या हातात फुटली आणि बाह्यांवर पांढरी भुकटी सांडली. मी न्हाणीघरात. ह्यांनी पुस्तकात ऐकल्याप्रमाणे श्वास रोखून खिडक्या लावल्या, ओला टॉवेल नाकातोंडावर करकचून बांधला आणि जिन्यात जाऊन सगळ्यांच्या घंटा दाबल्या. वरची नर्स रात्रपाळी करून झोपलेली, ती केस पिंजारून आली. समोरचा ड्रायव्हिंग शिकवणारा अर्ध्या गालाला फेस लावून आला. काय झालं म्हणावं, तर हे बोलायला तयार नाहीत (तोंड उघडायचं नाही ना!), नुसते हातवारे. शेवटी चेहरा जांभळा पडायला लागला तेव्हा नर्सने टॉवेल ओढून काढला. ह्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि जागच्या जागी थिजले. कपडे धुण्याची पावडर होती, दादा! नव्या कंपनीचा फुकट नमुना. सबंध आयुष्य साबणात गेलेला माणूस, नाक उघडं असतं तर दारातच ओळखली असती. ह्यांनी बाही पुन्हा हुंगली आणि सगळ्यांसमक्ष निकाल दिला, की सोडा जास्त आहे, कपड्याचा रंग जाईल. मग हसायला लागले. पोट धरून, पायरीवर बसून. नर्सही हसली, फेसवालाही हसला. ह्यांचं हसणं कसं असतं हे मी विसरून गेले होते रे.

ते असो. आता बिल्डिंगमधली पोरंटोरं मला पाहिलं की नाकावर रुमाल धरतात. चार लोकांत शोभा झाली ती झाली. येत्या रविवारी ये आणि तुझी पुस्तकं मुकाट्याने परत घेऊन जा.

तुझ्यावर रागावलेली,
धाकटी

ता. क. रविवारी आलास तर जेवायला ये, पुस्तकांना हात लावू नकोस. आणि त्या लेखकाचा पत्ता मिळव. कोटांबद्दल ह्यांना त्याला जाब विचारायचा आहे. मजकूर मी लिहून घेतला आहे, फार कडक आहे.

आणखी एक ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आहे तेवढी नजरही राहणार नाही म्हणाले. मी रिक्षात तोंड फिरवून बसले होते, तर ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, काल आपण कुठवर आलो होतो?

दादा, शेवटचं पुस्तक संपत आलंय. अजून पाठव, जंतूंचीच पाठव, जाड पाठव. काल मी मुद्दाम आदल्या दिवशीचीच पानं पुन्हा वाचली. ह्यांना कळलं. खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "हं, पुढे?"