बँक बदलल्याचे एकशे पंच्याहत्तर पौंड

ॲबर्डीन, ३ नोव्हेंबर

प्रिय नेरिस,

आधी बातमी: नव्या बँकेचे एकशे पंच्याहत्तर पौंड आले! तू म्हणाली होतीस, "बँक काय तुझी सासुरवाडी आहे, जावयाचा मानपान करायला?" केला की नाही?

बक्षिसाची अट अशी: खातं त्यांच्याकडे हलवायचं, साठ दिवसांत पंधराशे भरायचे आणि दरमहा दोन रकमा आपोआप जायला हव्यात. माझं फोनचं एकच बिल होतं. म्हणून म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला महिना दोन पौंड लावून दिले. गोदीवर फर्गस सांगत सुटलाय, "इमलिनने भावंडं सांभाळायला घेतली!" हसू दे. अटींची अकराही पानं मी वाचली, त्याने नाही.

पत्रावरून तुझा खोकला गेला म्हणायचा. तुझ्या डोळ्याचं मात्र दोन ओळींत उरकलंस. दिव्याभोवती अजून वलयं दिसतात का?

शस्त्रक्रिया चौदाला, मी तेराला पोचतो. त्याच पैशांतून जायचं-यायचं तिकीट काढलंय. इस्पितळातून टॅक्सीने एकटी घरी येईन म्हणत होतीस, ते राहू दे. इस्पितळाच्या अर्जावर 'घरी नेणारी व्यक्ती' या रकान्यात माझं नाव लिही.

तुझाच,
इमलिन