चावी फक्त रोहिणीला

३ नोव्हेंबर, सकाळी ७
रोहिणी माहेरी चकलांब्याला जाऊन बावीस दिवस झाले. जाताना म्हणाली, तुमच्या मनात काय चाललंय ते कळतच न्हाई. रास्त तक्रार. कळवण्याची यंत्रणाच नव्हती. आजपासून एपीआय. म्हणजे खिडकी: लिंक दाबली की विचारलेलं तेवढंच बाहेर येतं, आत कुणी शिरत नाही. दोन ठेवल्या. पब्लिक, सगळ्यांना: मी बीडमध्ये आहे का, जेवलो का. प्रायव्हेट, चावी, म्हणजे गुप्त कोड, असेल त्यालाच: मी कसा आहे. रोज खरं खरं भरणार. चावी एकच, रोहिणीची. आठ दिवसांत परत येते की नाही बघा.

५ नोव्हेंबर
पब्लिकवर चारदा विचारणा. चारही वेळा मीच. टेस्टिंग लागतंच. प्रायव्हेटवर शून्य. चावीच्या मेसेजला एकच टिक. चकलांब्याला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

८ नोव्हेंबर
तासाला दहाच वेळा विचारता येईल अशी मर्यादा होती. त्यानेच बिचकली असणार. शंभर केली. तरी शून्य. खिचडी करपली. पब्लिकवर 'जेवलो' टाकलं. प्रायव्हेटवर 'रडलो'.

९ नोव्हेंबर
चावी सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. वर ठळक लिहिलं: फक्त रोहिणीसाठी. ग्रुपात एकेचाळीस जण आहेत, पण सगळी घरचीच माणसं.

१० नोव्हेंबर, दुपार
प्रायव्हेटवर त्रेसष्ट! एका सकाळीत! रोहिणी किती काळजी करते. पलंगावरची चादर बदलली. दाढी केली.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
पप्पूचा, म्हणजे रोहिणीच्या धाकट्या भावाचा फोन. विचारत होता, दाजी, परवा का म्हून रडलात? पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. सासरे गहिनीनाथराव उठून घरी गेले. चावी रद्द केली. दोष सिस्टिमचा नाही, वापरणाऱ्यांचा. दाढी मात्र चांगली झाली होती.

१२ नोव्हेंबर
रोहिणीचा फोन! स्वतःहून! म्हणाली, तुमी कसे हाय ते समद्या गावाला कळलं. मी कशी हाय ते कदी इचारलं का? आणि ठेवून दिला. अत्यंत उपयुक्त सूचना. पुढच्या व्हर्जनमध्ये घेतो.

१३ नोव्हेंबर
व्हर्जन राहू दे. घर खायला उठतं. सरळ फोन लावला. तिने उचलला. कशी आहेस, विचारलं. ती बोलणार होती बहुतेक. तेवढ्यात मी तिला नवी चावी कशी वापरायची ते सांगायला लागलो. अकरा मिनिटं सांगत होतो. फोन कधी कट झाला ते कळलं नाही.