देवघराची भिंत आणि बाहेरून सांगितलेली नावे

मार्गशीर्ष वद्य २, शके १९२७
पूजेस बसलो असता भिंतीतून मातीचा लपका सुटून समईवर पडला. पलीकडे पुतण्या दिगंबर राहतो. भाव येईना म्हणून त्याने वेचलेला कापूस खोलीत छपरापर्यंत कोंबला आहे. रोज दोन गडी वर चढून तो तुडवितात. सामाईक भिंत माझ्या बाजूस पोट काढून उभी. कापूस हलव म्हटले, तर "काका, भाव तं येऊ द्या. तवरक तुमचा देव सरकवा थोडा."
संध्येत चित्त लागले नाही.

वद्य ४
पंचायतीत अर्ज दिला. 'भित्ती स्फीत झाली असून स्तंभशीर्ष विचलित झाले आहे.' ग्रामसेवकाने तो मोठ्याने वाचला. बाकावरचे हसले. "गुरुजी, पडून काय राह्यलं, ते लिहा ना!" अर्ज परत.
शास्त्रातील प्रासादाची, म्हणजे देवळाची, अंगे मुखोद्गत. ज्या घरात जन्म काढला त्याच्या लाकडांची नावे ठाऊक नाहीत. हसणाऱ्यांस ती असतील. त्यामुळे त्यांचे हसणे क्षम्य होत नाही.

वद्य ५
मातीच्या भिंतीचे जाणणारा गावात एकच, बौद्धवस्तीतील सुखदेव मिस्त्री. ही भिंत त्याच्या वडिलांनी रचली. वास्तुशांतीचे मंत्र मी म्हटले. रचणाऱ्याचे पान ओट्याखाली मांडले. आचार होता. आजवर मोडलेला नाही.
सुखदेव आला, अंगणातच थांबला. "ओट्यावर ये," म्हटले.
"नाही गुरुजी. माह्या बापाची हद्द इथवरच होती. तुम्ही आत जा, पाहा, अन् मले सांगा."
उर्मट मनुष्य. तरी गेलो. खांबांवरून आडवे लाकूड गेले आहे, असे येऊन सांगितले.
"मयाल म्हणते त्याले. तिच्याखाली आखूड तुकडा दिसते का? तो हस्त. सरकला का?"
पुन्हा आत. दोन बोटे सरकलेला.
"खांब ज्या गोट्यावर उभा हाये, तो तळखडा. हालते का?"
पुन्हा आत. गुडघे टेकून हात लावला. हालत नाही.
"मंग वेळ हाये अजून."
सात खेपा झाल्या. तो निंबाच्या सावलीत. मी घामाघूम.

वद्य ६
जपानंतर मयाल, हस्त, तळखडा घोकले. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात आई काजळाची डबी ठेवी, त्यास देवळी म्हणतात हे तेवढे ठाऊक होते.
दिगंबर डोकावला. "काका, म्हातारपणी मिस्त्रीकाम शिकून राह्यले का?"
दार लावून घेतले.

वद्य ८
हस्त चार बोटे. सुखदेव अंगणातून म्हणाला, "आता सांगून भागत नाही. मयालीखाली थुणी द्या लागते." थुणी म्हणजे टेकूचा खांब. श्रुतीतील स्थूणा ती हीच. शब्द आयुष्यभर माझ्या तोंडी, वस्तू त्याच्या हाती. संताप आला. कोणाचा, ते लिहवत नाही.
गड्यांकडून बसवून घेतो म्हटले.
"घ्या. चुकलं तं छप्पर तुमच्या अंगावर, अन् दिगंबरभाऊचा कापूस तुमच्या देवावर."

वद्य ९
दिगंबरने आणखी एक बैलबंडी कापूस आत रिचविला. वर मलाच धाक. "त्या मिस्त्र्याले देवघरात घेणार म्हणते तुम्ही? मंग कळंबच्या पारायणाले कोण बोलावते तुमाले, पाहतो मी."
न बोलावोत. पण रात्रभर तेच... असो.

वद्य ११
माझ्या निरोपावरून सकाळी सुखदेव सागाची थुणी घेऊन आला. मी देवघराच्या दारात उभा राहून म्हटले, "मिस्त्री, आत या."
त्याने थुणी खाली ठेवली. "भिंतीसाठी बोलावता, का मले बोलावता?"
पाठीशी देव, खोटे बोलवेना. खरे काय, तेही नीट ठाऊक नाही. पलीकडे गडी तुडवीतच होते. मयालीवरून माती झरत होती.
"सांगा गुरुजी. मले घाई नाही," म्हणाला, आणि निंबाखाली जाऊन बसला.
दुपार टळली. हे लिहीत आहे, तो अजून बसला आहे.