उलकानचं खोगीर

नारिन, ५ मे

चि. बुरुल हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू शहरातल्या दवाखान्यात नर्स, म्हणून लिहितो. एरवी बापाने लेकीला लिहायची ही गोष्ट नव्हे. तुझ्या जन्मानंतर तुझ्या आईच्या अंगातून खाली गाठ येऊ लागली. बाळंतपण आजीनंच केलेलं. ती म्हणाली, गर्भाशय उतरलंय; आता घोड्यावर बसायचं नाही, नवऱ्याजवळ निजायचं नाही. सासूपुढे सून बोलते थोडीच! आजीला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुझी आई उलकान तिचा शब्द पाळतेय. मला हे परवा कळलं. सव्वीस उन्हाळे मी कळपाबरोबर वरच्या कुरणावर एकटा गेलो. वाटायचं, बाई रुसलीय. तंबूत बसून तिच्यावर कविता करायचो, शाळेत पोरांना शिकवतो तशी यमकं जुळवून. विचारलं मात्र नाही.

आता तिला बसवत नाही. दवाखाना म्हटलं की म्हणते, पिशवी काढून टाकतील, मग मी बाई कसली? तूच समजाव.

तुझी माया अशीच वाहती राहो.

तुझा बाबा,
तोकोन

बिश्केक, २९ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काल आईचं ऑपरेशन नीट झालं. गर्भाशय जागच्या जागी आहे, बाबा. योनीच्या भिंतीवर साधी पाण्याची गाठ होती, माझ्या वेळी फाटलं होतं तिथली. अशी गाठ बाहेरून अंग उतरल्यासारखीच दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अर्ध्या तासात काढली. पिशवीला हातही लावला नाही.

हे ऐकून आई भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, सासूबाईंना नावं ठेवू नकोस. आणि त्या म्हाताऱ्याला कळव, न्यायला येताना दाढी करून ये.

रागावू नका, पण एकदा तरी विचारायचंत.

आहे तशीच आमच्यावर मर्जी असू द्या.

तुमची बुरुल

वरचं कुरण, नारिन, १८ जुलै

चि. बुरुल हिस आशीर्वाद.

दाढी केली होती, तरी बोलणी खाल्लीच.

काल शेजाऱ्याची गरीब घोडी आणली. आईनं कोठीतून तिचं लग्नातलं खोगीर काढलं. दर वसंतात ती त्याला चरबी चोळायची; मी समजायचो, तुझ्यासाठी जपतेय. कातडं अजून लोण्यासारखं मऊ आहे. तिनं रिकिबीत पाय ठेवला, पण गुडघा वळेना. तीनदा करून पाहिलं. मग हसली, म्हणाली, मास्तर, फार उशिरा घंटा दिलीत.

आम्ही कुरणावर ट्रकमधून आलो. खोगीर तिनं सगळी वाट मांडीवर घेतलं होतं.

आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझा बाबा