पट्टी तुम्ही ठरवा

अहेरी,
४ नोव्हेंबर २०२४

गुणवंतभाऊ यांना ज्योत्स्नाचा नमस्कार,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. साधनावहिनींचे गुडघे कसे आहेत? सिरोंच्याला लेकीकडे राहून तुम्ही आता तेलुगू बोलायला लागलात, असं ऐकलं. आमच्याकडे धान कापणीला आलंय आणि माझ्या डोक्यावर एक नवीनच काम येऊन बसलंय.

भाची दीपाली इथे शाळेत शिकवते. तिने डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात माझा गाण्याचा कार्यक्रम ठरवला. नाटक नाही, तबलाही नाही. दोन तास नुसता माझा गळा आणि ऑर्गन. वीस हंगाम मी रंगमंचावर आणि तुम्ही खाली ऑर्गनवर, पण असं काही आपण कधी केलं होतं का? झाडीपट्टीच्या माणसाला गाण्यासोबत एक खलनायक आणि एक विनोदी नोकर लागतोच.

गाणी निवडायला बसले आणि दमले. आधी नांदी, त्यात वाद नाही. सवतीच्या भांडणाचं पद घ्यावं म्हटलं, पण समोर सवत नसताना एकटीच भांडले तर लोक मला वेडी म्हणतील. लावणी काढून टाकली; नुसत्या ऑर्गनवर तिला ठेका कुठून आणू? पाळणा ठेवला, त्याला ऑर्गनचा लांब सूर शोभतो. आई धान लावताना म्हणायची ते रोवणीचं गाणंही ठेवलं. ते नाटकात कधी म्हणता आलं नाही.

आपल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकातलं विरहाचं पद मात्र तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. दीपालीने कारण विचारलं, तर फार लांबलचक आहे म्हणून सांगितलं. ते लांबलचक नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

माझा जुन्याच उंच पट्टीतला रियाज ऐकून ती म्हणाली, "आत्या, काळी चारमध्ये तुले आता होत नाई. काऊन ताणून राह्यली?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खरं बोलणाऱ्यावर रागवायची माझी सवय जुनीच.

भाऊ, आता लिहूनच टाकते. आरमोरीकडच्या त्या प्रयोगात, त्याच पदात, तानेवर माझा गळा घसरला. काळी चारची उंच पट्टी मला तेव्हाच झेपत नव्हती. पट्टी उतरवू या, असं तुम्ही आदल्या दिवशी म्हणालाही होतात आणि मी नाक मुरडलं होतं. लोक हसले, तेव्हा मी गाणं थांबवून सगळ्यांदेखत तुम्हाला म्हटलं, "भाऊ, सूर तरी बरोबर द्या." गाता गाता गळा उतरतो, ऑर्गनचा सूर उतरत नाही. हे तुम्हाला ठाऊक, मलाही ठाऊक. लोकांना काय ठाऊक? ते तुम्हाला हसायला लागले.

नंतर कंपनीच्या मालकाने विचारलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "माझाच हात चुकला असन." मी विंगेत उभी होते. तोंड उघडलं नाही. पुढच्या हंगामात तुमच्या जागी कीबोर्डवाला आला आणि मी आणखी चार वर्षं नायिका राहिले. त्याची लाज वाटते, भाऊ.

परवा घरात कोणी नसताना ते पद खाली, काळी दोनमध्ये म्हणून पाहिलं. घसरलं नाही. तरुणपणी जिथे नुसत्या ताना मारत होते, तिथे या वेळी शब्द ऐकू आले. खूप आनंद झाला. आणि तुमचा थोडा रागही आला, की तेव्हा मला दटावलं का नाहीत?

ते पद यादीत घेतलंय, नांदीनंतर लगेच. ते म्हणण्याआधी मी उभी राहून सांगणार आहे, त्या दिवशी कोणाचं चुकलं होतं ते. आरमोरीकडच्या जुन्या रसिकांनाही निरोप धाडलाय. तुम्ही ऑर्गनवर बसायला आलात तर तुमच्यासमोर सांगेन. नाही आलात तर दीपाली येईल तसा सूर धरेल, पण सांगणार नक्की.

यादी सोबत जोडली आहे. प्रत्येक गाण्यापुढे पट्टीची जागा कोरी सोडली आहे. तुम्ही जी लिहाल, तीत गाईन.

या वेळी तुमचं ऐकणारी,
ज्योत्स्ना