आपल्या दारातलं वळण

१२ ऑक्टोबर
ऑल्डर क्रीकच्या उत्तरेला, जुन्याच घरातून

प्रिय आर्डिथ,

तू बरी असशील. तुमच्या फिनिक्सला अजून उकडतच असेल. इथे काल पहिलं हिव पडलं आणि माझे टोमॅटो एका रात्रीत काळे झाले. गुडघे आहेत तसेच. डोळ्यांचं विचारूच नकोस. म्हणून तर अक्षर हे असं, मुंग्या पळाल्यासारखं. शेजारणीकडून वाचून घे हवं तर.

गेल्या नाताळच्या कार्डाला तुझं उत्तर आलं नाही. त्याच्या आधीच्याही नाही. तक्रार नाही गं, नुसतं सांगतोय.

इकडची खबर म्हणशील तर गावाच्या वेशीवरची लोकसंख्येची पाटी बदलली. एकशे बारा. कॅफेत बेव्ह कॉफी ओतता ओतता म्हणाली, "एल्डन, यात तुला धरलंय का रे?" मी म्हटलं, "मी गावाबाहेरचा. मला काउंटीत धरतात." तर म्हणते कशी, "बरं झालं, काउंटी तरी भरलेली दिसेल!" सगळे खो खो हसले. सगळे म्हणजे चौघं.

शाळा बंद झाली, ते तुला कळलं असेलच. आपल्या वेळचा अकरा पोरांचा फुटबॉलचा संघ आधी आठांचा झाला, मग सहांचा, आणि यंदा उरलेली पोरं शेजारच्या काउंटीच्या संघात गेली. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर गवत कापायचं यंत्र तेवढं फिरतं. पाद्री एक रविवार आड येतो, तोही पाच चर्च सांभाळून दमलेला. प्रवचनात एकदा गावाचंच नाव चुकला. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही.

आपल्या रस्त्यावर आता मीच. हाइन्त्सेंचं घर गेल्या वसंतात अग्निशमनवाल्यांना सरावासाठी दिलं. त्यांनी ते पेटवलं, विझवलं, पुन्हा पेटवलं आणि जळू दिलं. मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो. तिथे आता मका उभा आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं बोट उचलायची आपली सवय, पण मी गाडी चालवत होतो तेव्हाच आठ-आठ दिवस बोट उचलायला समोर कोणी येत नसे.

पान भरत आलं आणि जे सांगायचं ते राहूनच जातंय. सांगतो.

मी घर विकतोय. डेनी फोल्कर्ट्स घेतोय, थोरल्या फोल्कर्ट्सचा मुलगा, सगळी शेतं आता त्याचीच आहेत. मुलगा सज्जन आहे. मला म्हणाला, "काका, घाई नाही, कापणी होऊ दे." मी काउंटीच्या मुख्य गावी वृद्धाश्रमात जागा धरली आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली माझी. दूध संपलं की डेनीला फोन करावा लागतो आणि त्याची मला लाज वाटते. घर अर्थात अग्निशमनवाल्यांना. ठीक आहे. मला त्याचं एवढं काही नाही.

मला आहे ते रस्त्याचं.

बाबा पाहुण्यांना संत्रं हातात घेऊन सांगायचे, आठवतं? मोजणीवाले सरळ चौकोन आखत आले, पण गोल पृथ्वीवर ते बसेनात, मग ठरावीक मैलांनी त्यांनी रेघ बाजूला सरकवली. "पृथ्वी गोल आहे म्हणून आमच्या दारात रस्ता वाकडा आहे!" काय तो अभिमान त्यांना त्या वळणाचा! दक्षिणेकडून तीस मैल सरळ सूत, आणि आपल्या दाराशी एकदम उजवीकडे, शंभर पावलं, मग पुन्हा डावीकडे. उपरा माणूस असेल तर सरळ आपल्या कुंपणात.

पण कर्टिस काही उपरा नव्हता. तुझा मुलगा त्या वळणावर सायकल शिकला होता. मी त्याचा सख्खा मामा, मीच शिकवली. त्या रात्री धुकं होतं, एवढंच मी स्वतःला सांगत आलोय.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे सँडविच घेऊन उभे होते आणि तू सगळ्यांच्या देखत मला म्हणालीस, "दारात माझं पोर मेलं आणि तुझ्या अंगणात साधा एक दिवा नाही!" तू बरोबर होतीस की चूक, तेव्हा मी बोललो नाही, आताही बोलत नाही. त्याच आठवड्यात मी खांब रोवला. तेव्हापासून दिवा एक रात्रही विझू दिला नाही. वादळात वीज गेली की कंदील टांगला. माझ्या लोइसने आमच्या झोपायच्या खोलीला काळा पडदा शिवला, कधी कुरकुर केली नाही बिचारीने. जायच्या आधी एकदाच म्हणाली, "एल्डन, खरा अंधार कसा असतो ते मी विसरूनच गेले रे." हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलं.

काउंटीला आता हा रस्ता नको आहे. खडी टाका, बर्फ काढा, आणि कोणासाठी? सभेत अध्यक्षांनी विचारलं, "रस्ता मोडायला कोणाची हरकत?" मी मागे वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या. हरकत घेणारा मी एकटाच शिल्लक होतो. मी म्हटलं, मला पुढच्या सभेपर्यंत वेळ द्या.

मोडला की डेनी नांगर घालणार. वळणासकट. त्या वळणावर आता कोणी मरणार नाही आर्डी, कारण तिथून जायलाच कोणी उरलं नाही. आणि कोपऱ्यावर तू लावलेला कर्टिसचा क्रूस आहे. मी दर वसंतात त्याला पांढरा रंग देतो. यंदा दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपून दिला.

मी दमलोय गं. खरंच दमलोय. तरी तू म्हणालीस, "हरकत घे," तर घेतो, घर विकत नाही आणि आंधळा होईपर्यंत इथेच बसतो. तू म्हणालीस, "जाऊ दे," तर त्या रात्री दिवा मालवून झोपतो. स्वतःच्या मनाने मात्र मला तो मालवता येत नाही. कितीदा बटणापर्यंत हात नेला आणि परत आणला.

क्रूस मी उपटणार नाही. डेनीलाही हात लावू देणार नाही, तसं त्याला बजावलंय. तो तू लावलास, तूच येऊन काढ. आईच्या कबरीशेजारी त्याच्यासाठी जागा साफ करून ठेवली आहे. पुढची सभा नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी आहे. नुसतं पत्र पाठवू नकोस, ये. तुझ्या आवडीचा ऱ्हुबार्बचा गोड पाई भाजायला मला जमत नाही, पण बेव्हला सांगून ठेवतो.

विमानतळावरून निघायला रात्र झालीच, तर ऑल्डर क्रीक सोडल्यावर समोर लांब एकच दिवा दिसेल. आता या बाजूला दुसरा नाहीच. तो जवळ आला की गाडी हळू घे.

तुझा थोरला,
एल्डन