आबांच्या यंत्राचं कव्हर

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस. आबा-आई बरे आहेत. हे फोनवर सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण आलं नाही. आधी मला थोडं चिडून घेऊ दे, कारण इथं माझी चिडचिड ऐकून घ्यायला कुणी नाही.

उन्हाळ्यापासून मी एका कव्हरच्या मागे लागले आहे. तुला ठाऊकच आहे, कुपवाडच्या आमच्या कारखान्यात कंडक्टरच्या तिकीट मशीनची, गोदामातल्या स्कॅनरची कव्हरं निघतात आणि त्यांचं डिझाईन मी करते. वस्तू हातातून पडली तरी फुटू नये आणि हवं तेव्हा कव्हर काढता यावं, एवढंच काम. त्यामुळे तू आबांसाठी पाठवलेल्या बोलायच्या यंत्राला कव्हर करणं म्हणजे मला एका दुपारची गोष्ट वाटली. तिथंच फसले.

मिरजेला आबांचं स्वरयंत्र काढलं तेव्हा तू त्यांचा हात धरून बसला होतास, ते मी विसरलेले नाही. पण कोइमतूरला परत गेलास, तिथून कुरिअरनं यंत्र पाठवलंस आणि ‘आता आबा बोलतील’ म्हणून मोकळा झालास. सोनं-चांदी गाळायच्या त्या गलाईच्या भट्टीपुढं बसून तुला काय कल्पना येणार? टॉर्चएवढा दांडा आहे तो. बटण दाबून त्याचं तोंड हनुवटीखाली टेकवायचं, ते थरथरतं, आणि आबांनी ओठ हलवले की शब्द उमटतात. सगळे एकाच सुरात, घूंऽऽ करत. आबा पहिल्यांदा बोलले तेव्हा कुत्रं त्यांच्यावरच गुरगुरलं आणि मेंढरं बांधाकडं पळाली. आई आधी हसली, मग चुलीकडं तोंड करून बसली.

आणि शीळ, दादा. अख्खा कळप वळवणारी आबांची ती शीळ. आता श्वास गळ्याच्या भोकातून जातो, तोंडात वाराच येत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस आबा ओठांचा चंबू करून नुसतेच उभे राहिलेले दिसले, तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. पण कडेगावकडच्या ऊस निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला कळप निघाला आणि भोकावर फडकं बांधून आबाही निघाले. त्यांचा उजवा अंगठा कुऱ्हाड लागल्यापासून वाकत नाही. यंत्राचा दांडा गुळगुळीत, हाताला घाम. दोन्ही हातांनी धरलं तरच बोलता यायचं, नाहीतर पडायचं. एकदा खडकावर पडून तोंडच निखळलं, दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागलं. तेवढे दिवस आबा पत्र्याच्या डब्यावर काठी वाजवून मेंढरं वळवायचे. आईला बोलवायलाही तोच डबा. “मी काय मेंढरू हाय व्हय?” असं म्हणायची आणि उठून जायची.

पहिलं कव्हर मी मऊ सिलिकॉनचं केलं. दिसायला इतकं देखणं की फोटो काढून ठेवला. आबांनी ते लावून बोलायला घेतलं तर आवाज कव्हरनंच गिळला. दुसरं कडक प्लास्टिकचं केलं, यंत्राचं तोंड पूर्ण मोकळं सोडून. पण बॅटरी बदलायला कव्हर निघायला तर हवं? ते काढताना आईचं नख उलटलं आणि पुढच्या आठवड्यात त्याला तडा गेला. आईनं स्वतःच्या अकलेनं घोंगडीची पट्टी गुंडाळून पाहिली, ती सारखी घसरायची. मग मी रबराचं, रेघारेघांचं एक केलं. त्यात माती जाऊन बटण अडकलं. आबा कडेगावात चहाला बसले होते आणि त्यांच्या खिशातून घूंऽऽ सुरू झालं, काही केल्या थांबेना. बाकावरची माणसं हसली. आबांनी चहा तसाच टाकला आणि वाटेत यंत्र उसाच्या फडात भिरकावून दिलं. आई पाचटाखाली हात घालून ते शोधत राहिली.

त्या रविवारी मी गेले तर आबा यंत्र गळ्याला लावून एवढंच म्हणाले, “सोने, पुरं कर आता. मला कुनाशी बोलायचंय?” मला इतका राग आला की मी एसटीत बसूनही स्वतःशी भांडत होते. कारखान्यात मालकांना, राजवर्धन साहेबांना, नीट साचा काढू द्या म्हणून विचारलं. ते म्हणाले, एका माणसासाठी साचा काढत नाहीत. वाईट माणूस नाही तो. बरोबरच बोलला. बरोबर बोलला याचाच मला जास्त राग आला. शेवटी त्यांनी काम सुटल्यावर थ्रीडी प्रिंटर वापरायची परवानगी दिली आणि मी नमुन्यामागून नमुना काढत राहिले. एक सैल, एक घट्ट, एक घालता येतं पण निघत नाही. तू अधूनमधून फोन करून मलाच विचारायचास, “आबा वापरतात ना यंत्र?” मी हो म्हणायचे. ‘त्यांनाच विचार की’ हे ओठांवर यायचं. आबा फोनवर यायला तयार नसायचे आणि तू कधी हट्ट धरला नाहीस.

मागच्या रविवारी मात्र जमलं. दोन अर्ध्या भागांचं कव्हर आहे, मधे बारीक, वरून एक सरकतं कडं. कडं सरकवलं की दोन्ही भाग सुटतात. तळव्याभोवती पट्टा, म्हणजे बोटं सुटली तरी यंत्र हातालाच लटकतं. बटणावर पसरट पाकळी, ती तळव्यानं दाबायची, अंगठ्याचं कामच नाही. आबांनी मुद्दाम हात झटकून पाहिला. पडलं नाही. मग रिकाम्या डाव्या हाताकडं थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “फोन आन.”

माझा फोन मी घाईत कुपवाडलाच विसरले होते आणि आईचा चार्ज नव्हता, म्हणून शेजारच्या मेंढपाळांच्या वाड्यावरच्या कोंडीबा काकांचा आणला. नंबर लावून, स्पीकर चालू करून मी दिला. तू उचललास. आबांनी यंत्र गळ्याला टेकवलं, ओठ हलवले, आणि तू म्हणालास, “लोन नको म्हणून किती वेळा सांगायचं?” आणि ठेवून दिलास. मी परत लावला तर लागेचना, तू तो नंबर ब्लॉक करून टाकला होतास. मी आईचा फोन चार्जिंगला लावायला धावले तर आबांनी मला अडवलं. “फोन करून त्याला सांगू नगंस. लाजंल त्यो.” मग त्यांनी स्वतःच कडं सरकवलं, कव्हर काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. त्यानंतर ते एक शब्द बोललेले नाहीत, असं आई सांगते. फोन करू नको म्हणाले, पत्राचं काही म्हणाले नाहीत, म्हणून लिहिते आहे. तुझा दोष नाही, दादा, तो आवाज तू कधी ऐकलाच नव्हतास. कव्हर मी आईकडं ठेवून आले आहे. तू संध्याकाळी आईच्या फोनवर फोन कर आणि आबांनाच द्यायला सांग. आधी नुसतं घूंऽऽ ऐकू येईल, पहिला शब्द कळायला वेळ लागतो, मलाही लागला होता. तेवढं थांब. त्या दिवशी तू ठेवलास तेव्हा ते फक्त “धना” म्हणाले होते.

तुझीच,
सोनम